नौकानयनासाठी टॅब्लेटवरील ॲपची निवड

कोकणपट्टीतील अनेक कुटुंबांची उपजीविका जमीन आणि समुद्र या दोहोंवर चालते. पावसाळ्यात भातशेती पाहावी व नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात लोटावी, हा येथील जुना क्रम आहे. होडीचा तांडेल आजवर डोळ्यांच्या व आठवणीच्या आधाराने वाट काढीत आला. डोंगराचे टोक व देवळाचा कळस एका रेषेत आले की खाडीचे तोंड सापडे. वजन बांधलेली दोरी सोडून वाव मोजले की पाण्याचा ठाव कळे. आणि रात्री दिव्याची उघडझाप मोजून दीपगृह ओळखता येई. गेल्या काही वर्षांत या साधनांच्या जोडीला टॅब्लेट आला आहे. त्याच्या काचेवर समुद्राचा नकाशा उमटतो व त्या नकाशावर आपली होडी सरकताना दिसते.

ही सोय मोठी आहे. तथापि तिच्यावर विसंबून धुक्यात, अंधारात अथवा वादळी हवेत होडी हाकारली जाते, आणि तेथे चूक झाल्यास तिचे मोल माणसांच्या जिवाने चुकवावे लागते. बैल विकत घेताना जाणता शेतकरी शिंगांना लावलेल्या रंगावर भुलत नाही. तो दात पाहतो, चालवून पाहतो, जोखड मानेवर ठेवून पाहतो. नौकानयनाचे ॲप निवडताना हीच रीत पाळावयास हवी. काचेवरील रंगीत चित्र किती सुबक आहे यापेक्षा, मोबाइलचे जाळे नसताना, ऊन व पाणी असताना आणि संकट ओढवले असताना ते काय काम देते, हे आधी पारखावे. ही पारख कशी करावी याची माहिती या पाठात दिली आहे.

१. ॲपचे तीन घटक

टॅब्लेटवर दिसणाऱ्या चित्रामागे तीन निरनिराळ्या गोष्टी असतात. पहिली, होडीचे स्थान. आकाशातील उपग्रहांकडून येणारे संदेश टॅब्लेटमधील ग्राहक टिपतो व त्यांवरून अक्षांश-रेखांश काढतो. दुसरी, समुद्राचा नकाशा. यात पाण्याची खोली, खडक, दीपगृहे, बोये व निषिद्ध क्षेत्रे दाखविलेली असतात. तिसरी, या दोहोंची सांगड घालणारे ॲप. ते स्थान नकाशावर मांडते, अंतर व दिशा सांगते आणि धोक्याची सूचना देते.

या तिन्ही घटकांत निरनिराळे दोष संभवतात. स्थान बिनचूक असूनही नकाशा जुना असू शकतो. नकाशा चांगला असूनही ॲप त्यातील खडक लपवू शकते. यास्तव प्रत्येक घटकाची परीक्षा स्वतंत्रपणे करावी.

२. टॅब्लेटमध्ये उपग्रह-ग्राहक आहे काय?

ॲप घेण्यापूर्वी टॅब्लेटची खात्री करणे अगत्याचे आहे. केवळ वाय-फायवर चालणाऱ्या अनेक टॅब्लेटमध्ये उपग्रहांचे संदेश टिपणारा ग्राहक बसविलेलाच नसतो. आयपॅडच्या बाबतीत, मोबाइलच्या जाळ्याची सोय असलेल्या प्रकारातच असा ग्राहक असतो. ग्राहक नसलेला टॅब्लेट गावात आसपासच्या वाय-फाय केंद्रांवरून अंदाजे स्थान दाखवितो, त्यामुळे घेणाऱ्याची फसगत होते. समुद्रात ही केंद्रे नसल्यामुळे तेथे तो टॅब्लेट आंधळा ठरतो. असा टॅब्लेट आधीच घरात असल्यास ब्लूटूथने जोडता येणारा वेगळा ग्राहक घेऊन काम भागविता येते.

खात्री करण्याची रीत सोपी आहे. टॅब्लेटमधील सिम काढावे, एअरप्लेन मोड चालू करावा, वाय-फाय बंद असल्याचे पाहावे आणि मोकळ्या मैदानात उभे राहावे. मोबाइलच्या जाळ्याची मदत नसल्याने पहिले स्थान मिळण्यास काही मिनिटे लागतील. तो दोष मानू नये. त्यानंतर स्थान मिळाले व चालू लागताच नकाशावरील खूणही सरकू लागली, तर ग्राहक आहे असे समजावे. मोकळ्या आकाशाखाली चांगला ग्राहक साधारणपणे पाच ते दहा मीटरांच्या आत स्थान दाखवितो.

३. नकाशाची पारख

नकाशा हा ॲपचा जीव होय. त्यासंबंधी चार गोष्टी पाहाव्यात.

(अ) नकाशा टॅब्लेटमध्ये साठविता येतो काय? किनाऱ्यापासून काही मैल दूर गेले की मोबाइलचे जाळे तुटते. जे ॲप नकाशा दर वेळी इंटरनेटवरून मागविते, ते नेमके तेथेच कोरे पडते. आपल्या वावराचा सारा टापू व त्यापलीकडचाही काही भाग बंदरातच डाउनलोड करून ठेवता आला पाहिजे. वार्षिक वर्गणीची मुदत संपल्यावर हा साठविलेला नकाशा उघडतो किंवा नाही, हेही विक्रेत्यास आधीच विचारावे.

(आ) नकाशाचे मूळ कोणते? रस्ते दाखविणाऱ्या नेहमीच्या नकाशा-ॲपमध्ये समुद्र म्हणजे एक निळा पट्टा असतो. त्यात खोली नसते व पाण्याखालचा खडकही नसतो. असे ॲप नौकानयनास निरुपयोगी आहे. भारतीय समुद्राचे अधिकृत नकाशे देहरादून येथील राष्ट्रीय जलालेखन कार्यालय प्रसिद्ध करते. खाजगी कंपन्या अधिकृत नकाशांच्या आधारे आपले नकाशे बनवितात व त्यांत इतरांनी पुरविलेली माहिती मिसळतात. ॲपमधील नकाशा कोणत्या आधारावर बनविला आहे व तो अखेरचा केव्हा सुधारला गेला, हे ज्या ॲपमध्ये सहज सापडते ते अधिक विश्वासार्ह समजावे.

येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घ्यावयाची आहे. अधिकृत नकाशांतील मोजणीला भरवशाची प्रतवारी दिलेली असते. ‘ए१’ प्रतीच्या मोजणीत दाखविलेली जागा सुमारे ५ मीटरांच्या आत बरोबर असते. ‘बी’ प्रतीत ही मर्यादा ५० मीटर, तर ‘सी’ प्रतीत ५०० मीटर असते. म्हणजे टॅब्लेट होडीचे स्थान दहा मीटरांइतके अचूक दाखवीत असला, तरी ‘सी’ प्रतीच्या भागात नकाशावरील खडकच अर्धा किलोमीटर इकडे-तिकडे असू शकतो. होडी खडकापासून शंभर मीटर दूर आहे असे काचेवर दिसते, पण ते शंभर मीटर भरवशाचे नसतात. नकाशा मोठा करून पाहिल्याने मोजणी सुधारत नाही. जुनी चूकच मोठी होऊन दिसते.

(इ) नकाशा लहान केला असता खडक दिसतो काय? टापूचा मोठा भाग एकाच वेळी काचेवर आणला की बारीक तपशील ॲप आपोआप गाळते. यातून केवढा अनर्थ होऊ शकतो, याचे उदाहरण हिंदी महासागरात घडले आहे. व्हॉल्व्हो ओशन रेस या पृथ्वीप्रदक्षिणेच्या शिडाच्या शर्यतीत ‘टीम व्हेस्टास विंड’ ही नौका केपटाऊनहून अबुधाबीकडे जात असता, २९ नोव्हेंबर २०१४ रोजी अंधार पडल्यावर, मॉरिशसच्या ईशान्येस असलेल्या कार्गाडोस काराजोस या प्रवाळखडकांवर आदळली. नौकेवर उत्तम साधने व अनुभवी खलाशी होते. परंतु नकाशा ज्या प्रमाणात पाहिला गेला, त्या प्रमाणात त्या खडकांचा धोका नीट दिसला नाही. सर्व नऊ खलाशी वाचले. नौका मात्र खडकांत रुतून बसली. यापासून घ्यावयाचा धडा असा की, जाण्याचा मार्ग आखल्यावर तो सबंध मार्ग, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, नकाशा मोठा करून बोटाने सरकवीत पाहावा. मगच नांगर उचलावा.

(ई) खोली कोणत्या मापात आहे? आपल्याकडे तांडेल वावात बोलतो, नवे नकाशे मीटरमध्ये असतात व परदेशी ॲपमध्ये फुटांचेही माप निवडता येते. काचेवर नुसता ‘५’ हा आकडा दिसला, तर ते पाच मीटर असू शकतात, पाच वाव म्हणजे सुमारे ९ मीटर असू शकतात किंवा पाच फूट म्हणजे अवघे दीड मीटर असू शकते. ॲप हाती येताच माप ठरवून घ्यावे, होडीवरील सर्वांस सांगावे व पुढे ते बदलू नये.

४. भरती-ओहोटीचा हिशेब

नकाशावरील खोली ही बहुधा अतिशय उतरलेल्या ओहोटीच्या पातळीपासून मोजलेली असते. त्यात त्या वेळच्या भरतीची उंची मिळविली म्हणजे प्रत्यक्ष पाणी किती हे कळते. मुंबईकडे उधाणाच्या वेळी भरती व ओहोटी यांतील फरक चार-पाच मीटरांपर्यंत जातो. दक्षिणेस मालवणकडे तो बराच कमी असतो. भांगाच्या दिवसांत दोन्हीकडे फरक आणखी घटतो. सबब ॲपमध्ये आपल्या जवळच्या बंदराची भरती-ओहोटी दिलेली असणे उपयुक्त आहे. दूरच्या बंदराचे आकडे आपल्या खाडीस लावू नयेत.

उदाहरणार्थ, खाडीच्या मुखाशी नकाशावर ०.८ मीटर खोली दाखविली आहे व त्या घटकेस भरतीची उंची १.६ मीटर आहे. पाणी २.४ मीटर झाले. भरलेल्या होडीचा पाण्याखालील भाग १.५ मीटर असल्यास तळाखाली ०.९ मीटर उरते. लाटेच्या खळग्यात होडी अर्धा मीटर खाली गेली, तर उरलेले अंतर हातभरही भरत नाही. त्यातून पावसाळ्यात खाडीमुखाची वाळू जागा बदलते. नकाशातील खोली त्यापूर्वीची असते. म्हणून प्रत्येक हंगामाच्या आरंभी मुखावरील पाणी दोरीने अथवा काठीने मोजून पाहणे हाच खरा आधार होय. ॲपमध्ये आपल्या मोजणीची खूण व तारीख नोंदविता येत असल्यास ते ॲप पसंत करावे.

भारतीय बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके भारतीय सर्वेक्षण विभाग प्रसिद्ध करतो. ॲपमधील वेळा या कोष्टकाशी आठ दिवस ताडून पाहाव्यात. फरक नेहमीच साडेपाच तासांचा आढळल्यास ॲप भारतीय वेळेवर लावलेले नाही असे समजावे व तेवढी दुरुस्ती करावी.

५. स्थान सांगण्याची पद्धत

संकटसमयी मदत मिळणे हे बहुतांशी स्थान अचूक सांगण्यावर अवलंबून असते. अक्षांश व रेखांश तीन प्रकारे लिहिता येतात : केवळ अंश व त्यांचा दशांश, अंश, मिनिटे व मिनिटांचा दशांश, आणि अंश, मिनिटे व सेकंद. पहिल्या दोहोंत घोटाळा झाल्यास काय होते ते पाहावे.

समजा, मुंबईबाहेर बंद पडलेल्या एका होडीचा अक्षांश १८ अंश ५४.६ मिनिटे उत्तर असा आहे. घाबरलेल्या खलाशाने तो ‘अठरा, चोपन्न, सहा’ असा सांगितला व ऐकणाऱ्याने १८.५४६ अंश असा लिहून घेतला. १८.५४६ अंश म्हणजे १८ अंश ३२.७६ मिनिटे. फरक २१.८४ मिनिटांचा झाला. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे एक सागरी मैल, अर्थात १,८५२ मीटर. म्हणून चूक सुमारे ४० किलोमीटरांची झाली. होडी मुंबईसमोर वाहत आहे आणि शोध रेवदंड्यासमोर चालला आहे, असा प्रकार घडेल. खरा अक्षांश दशांशात १८.९१ अंश आहे, हे मिनिटांना साठाने भागले असता कळते.

जे ॲप तिन्ही पद्धतींत स्थान दाखविते व ते मोठ्या अक्षरांत एकाच ठिकाणी वाचता येते, ते या कामी उत्तम. गावातील सर्व होड्यांनी एकच पद्धत ठरवावी. अंश, मिनिटे व मिनिटांचा दशांश ही पद्धत समुद्रावर अधिक रूढ आहे. सांगताना ‘अठरा अंश, चोपन्न दशांश सहा मिनिटे, उत्तर’ असे पूर्ण शब्दांत सांगावे व पलीकडच्याकडून परत वदवून घ्यावे. तटरक्षक दलाचा मदतीचा दूरध्वनी क्रमांक १५५४ व सागरी पोलिसांचा १०९३ असून, सागरी रेडिओवर संकटाची हाक १६ क्रमांकाच्या वाहिनीवर द्यावयाची असते. हे आकडे टॅब्लेटमध्ये न ठेवता होडीच्या फळीवर रंगाने लिहावेत. टॅब्लेट बंद पडला तरी फळी वाचता येते.

हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून मासे आढळण्याचा संभव असलेल्या क्षेत्रांची सूचना दिली जाते. तीत दिशा, अंतर व खोली यांबरोबर अक्षांश-रेखांशही असतात. ते ॲपमध्ये भरताना वरील सावधगिरी तशीच बाळगावी. अन्यथा डिझेल जळून होडी रिकाम्या पाण्यात जाईल.

६. उपयोगी सोयी व फसव्या सोयी

ॲपच्या जाहिरातीत सोयींची लांबलचक यादी असते. लहान होडीस त्यांपैकी थोड्याच लागतात.

गेलेल्या वाटेची रेघ उमटविणे ही सर्वांत उपयोगी सोय होय. दिवसा, स्वच्छ हवेत, भरतीच्या पाण्यात सुखरूप आत आलेल्या वाटेची रेघ जपून ठेवली तर अंधारात तिचा आधार मिळतो. डोल जाळ्यांचे खुंट, बुडालेली होडी व गावच्या लोकांस ठाऊक असलेले खडक यांच्या खुणाही नोंदविता याव्यात.

नांगर सरकल्याची सूचना हीदेखील मोलाची आहे. रात्री नांगरून झोपलेल्या खलाशांस होडी ठरावीक वर्तुळाबाहेर जाताच घंटा जागे करते. वर्तुळ ठरविताना सोडलेल्या दोरीची लांबी हिशेबात घ्यावी. ते फार लहान ठेवल्यास प्रवाह फिरताच घंटा वाजू लागते व कंटाळून कोणीतरी ती बंद करतो.

माणूस पाण्यात पडल्यास त्या जागेची खूण करणारे बटण एका बोटाने दाबता आले पाहिजे. मात्र ही खूण जेथे माणूस पडला त्या जागेची असते. माणूस प्रवाहाबरोबर पुढे जातो. ओढ ताशी दोन सागरी मैलांची असल्यास दहा मिनिटांत तो सहाशे मीटरांहून अधिक दूर गेलेला असेल. तेव्हा खुणेपासून प्रवाहाच्या दिशेने शोध घ्यावा, आणि एका खलाशाने सर्व वेळ त्या माणसावरील नजर काढू नये.

आता फसव्या सोयी पाहू. काही ॲप दोन ठिकाणांमधील मार्ग आपोआप आखून देतात. त्या मार्गास गावातील जाळी ठाऊक नसतात व हलणारी वाळूही ठाऊक नसते. असा मार्ग कच्चा मसुदा समजून तांडेलाने स्वतः तपासावा. दुसरे, इतर जहाजे दाखविण्याची सोय. ती इंटरनेटवरून येत असेल तर माहिती काही मिनिटांपूर्वीची असते आणि समुद्रात ती मुळीच येत नाही. शिवाय ज्या लहान होड्यांवर स्थान कळविणारे यंत्र नाही त्या काचेवर कधीच दिसत नाहीत. समोरचे पाणी काचेवर रिकामे दिसले म्हणून ते खरोखरच रिकामे असेल असे नाही. पाळीवरचा खलाशी व होडीचा दिवा यांची जागा ॲप घेऊ शकत नाही.

सीमेसंबंधी विशेष सावधगिरी हवी. पालघर भागातील अनेक खलाशी गुजरातच्या नौकांवर कामास जातात, आणि पाकिस्तानच्या बाजूस गेल्याच्या आरोपावरून पकडले गेल्याने त्यांची कुटुंबे दीर्घकाळ हवालदिल झाल्याची उदाहरणे आहेत. सर खाडीबाहेरील सागरी सीमा दोन्ही देशांच्या संमतीने आखली गेलेली नाही. म्हणून ॲपमधील रेघ प्रमाण मानून तिच्या कडेपर्यंत जाणे धोक्याचे आहे. अधिकाऱ्यांनी घालून दिलेली मर्यादा ॲपमध्ये आपण स्वतः आखावी व तिच्या बऱ्याच अलीकडे सूचनेची घंटा लावावी. मुंबई हायच्या तेलविहिरींच्या मंचांभोवती ५०० मीटरांचे सुरक्षाक्षेत्र असते. त्याचीही नोंद अशीच करावी.

७. कोणत्या प्रकारचे ॲप घ्यावे?

बाजारातील ॲप स्थूलमानाने दोन प्रकारची आहेत. पहिल्या प्रकारात नकाशा व ॲप एकत्र मिळून वार्षिक वर्गणी द्यावी लागते. नॅव्हिऑनिक्स हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. मूळची इटलीतील ही कंपनी २०१७ साली गार्मिन कंपनीने विकत घेतली. असे ॲप शिकण्यास सोपे असते. खर्च मात्र दर वर्षी येतो. दुसऱ्या प्रकारात ॲप मुक्त अथवा स्वस्त असते व नकाशे वेगळे भरावे लागतात. ओपनसीपीएन हे स्वयंसेवकांनी विकसित केलेले साधन या प्रकारात मोडते. ते संगणकावर विनामूल्य असून अँड्रॉइडवरही मिळते. त्यास अधिक शिक्षण लागते, आणि आपल्या टापूचा चांगला नकाशा न मिळाल्यास त्याचा काही उपयोग होत नाही. अमेरिकेसारख्या काही देशांचे अधिकृत विद्युत-नकाशे विनामूल्य मिळतात. त्या देशांतील लोकांनी केलेली एखाद्या ॲपची स्तुती आपल्या किनाऱ्यास जशीच्या तशी लागू पडत नाही. आपल्या खाडीचे मुख व आपल्या गावासमोरचे खडक ॲपमध्ये उघडून पाहणे, हीच खरी कसोटी.

८. टॅब्लेटची समुद्रावरील निगा

उन्हात काच दिसेनाशी होते व टॅब्लेट तापतो. आयपॅडसाठी कंपनीने सांगितलेली वापराची कमाल उष्णता ३५ अंश सेल्सियस आहे. कोकणातील एप्रिल-मे महिन्यांत, उघड्या होडीवर, ही मर्यादा सहज ओलांडली जाते व टॅब्लेट थंड होईपर्यंत काम देत नाही. त्यास सावलीत, वारा लागेल असे बसवावे. पाण्याचे थेंब पडले की काचेस बोटाचा स्पर्श नीट कळत नाही. म्हणून जलरोधक आवरण घ्यावे व ओल्या बोटांनी ते चालवून पाहावे. खाऱ्या पाण्याने विजेच्या जोडाचे तोंड गंजते. होडीच्या बॅटरीवरून भरण करण्याची सोय असावी, तसेच भरून ठेवलेली एक वेगळी पॉवर बँक कोरड्या डब्यात ठेवावी.

टॅब्लेट, त्याचे चुंबकी आवरण व ध्वनिक्षेपक ही होकायंत्राजवळ ठेवू नयेत, सुई बहकते. त्यांत हातभराहून बरेच अधिक, शक्यतो एक मीटर अंतर राखावे. तसेच उपग्रहावरून कळते ती होडी ज्या दिशेने सरकत आहे ती दिशा. नाळ कोणीकडे आहे ते होकायंत्र सांगते. आडव्या प्रवाहात या दोन दिशा निराळ्या असतात आणि होडी थांबलेली असता टॅब्लेटवरील दिशा निरर्थक ठरते. होकायंत्र होडीवर राहिलेच पाहिजे.

९. जमिनीवरील परीक्षा

पेरणीपूर्वी बियाण्याची उगवणशक्ती तपासली जाते, त्याचप्रमाणे मासेमारी बंदीच्या दिवसांत पुढील परीक्षा घ्याव्यात.

(१) सिम काढून व एअरप्लेन मोड लावून ॲप पुन्हा उघडावे. आपल्या टापूचा नकाशा सर्व तपशिलांसह उघडला पाहिजे.
(२) गावातील ठाऊक असलेल्या वाटेने चालून यावे. उमटलेली रेघ त्या वाटेशी जुळली पाहिजे.
(३) भरतीच्या वेळा आठ दिवस कोष्टकाशी व प्रत्यक्ष पाण्याशी ताडाव्यात.
(४) भर दुपारी उन्हात दोन तास ॲप चालू ठेवावे. काच वाचता येते काय, टॅब्लेट तापतो काय व विजेचा साठा किती उरतो, हे लिहून ठेवावे.
(५) ओल्या हाताने ‘माणूस पडला’ हे बटण दाबून पाहावे. होडीवरील प्रत्येक खलाशास ते जमले पाहिजे.
(६) आपले स्थान दूरध्वनीवरून दुसऱ्या गावातील माणसास सांगावे व त्याने ते आपल्या नकाशावर लावावे. दोन्ही खुणा एकाच जागी पडल्या पाहिजेत.

यांपैकी पहिल्या व सहाव्या परीक्षेत अनुत्तीर्ण झालेले ॲप, ते कितीही स्वस्त वा सुबक असो, होडीवर नेऊ नये.

१०. ग्रामसेवकांचे काम

प्रत्येक होडीवाल्याने निरनिराळे ॲप विकत घेऊन शिकत बसण्यापेक्षा मच्छीमार सहकारी संस्थेने एक टॅब्लेट घेऊन दोन-तीन ॲपची वरील परीक्षा घ्यावी व निष्कर्ष फळ्यावर लिहावा, हे अधिक हिताचे. ग्रामसेवकांनी या कामी पुढाकार घ्यावा. जुन्या तांडेलांस या बैठकीस आवर्जून बोलवावे. नकाशात नसलेले खडक, वाळूचे पट्टे व ओढीच्या जागा त्यांच्या स्मरणात असतात. तरुणांच्या हाती टॅब्लेट असतो. एकाने सांगावे व दुसऱ्याने खूण करावी. अशा रीतीने तयार झालेली खुणांची यादी गावातील सर्व होड्यांस उपयोगी पडते, आणि वृद्धांबरोबर लोप पावणारी माहिती टिकून राहते. या यादीची एक प्रत कागदावर संस्थेत ठेवावी.

टॅब्लेट हे मदतनीस आहे. होकायंत्र, पाणी मोजण्याची दोरी, दिवा व जागता खलाशी ही त्याच्या आधीपासूनची साधने असून ती होडीवरून उतरवू नयेत. टॅब्लेट अचानक काळा पडला तरी तांडेलास घरची वाट सापडेल, अशाच बेताने त्याचा वापर करावा.

उजळणीसाठी प्रश्न

१. होडीचे स्थान अचूक असूनही होडी खडकावर आदळू शकते, याची दोन कारणे सांगा.
२. १८ अंश ५४.६ मिनिटे हे स्थान केवळ अंश व दशांशात लिहा.
३. नकाशावर खोली ०.५ मीटर, भरतीची उंची २.१ मीटर व होडीचा पाण्याखालील भाग १.४ मीटर असल्यास तळाखाली किती पाणी उरेल? लाटेसाठी अर्धा मीटर सोडल्यास आत यावे काय?
४. माणूस पडल्याची खूण केल्यावर शोध कोणत्या दिशेने घ्यावा व का?
५. आपल्या गावासमोरील नकाशात नसलेले तीन धोके जुन्या तांडेलांकडून विचारून त्यांची नोंद करा.